मुका बाजार

कार्यशाळेची किल्ली शिपायाने मला पाकिटात घालून दिली. सोबत चार पानांची यादी होती आणि तिच्या डोक्यावर टाइप केलं होतं, 'निर्लेखन करावयाच्या वस्तू'. सरळ मराठीत सांगायचं तर भंगारात काढायच्या. निर्लेखन समितीचा अध्यक्ष मी. बाकीच्या दोघा सदस्यांनी यादी न वाचताच सह्या ठोकल्या आणि मोकळे झाले. मला प्रत्येक वस्तूपुढच्या 'शेरा' या रकान्यात 'निरुपयोगी' असं लिहायचं होतं आणि शनिवारपर्यंत यादी संचालकांच्या टेबलावर ठेवायची होती. कार्यशाळेच्या जागी आमच्याकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा होणार आहे. नैसर्गिक बुद्धिमत्तेचा तुटवडा तसाही जुनाच आहे.

लातूरच्या एका खासगी महाविद्यालयात मी औद्योगिक डिझाइन शिकवतो. म्हणजे खुर्ची, बादली, विळी, पंप असल्या वस्तू माणसाच्या हाताला आणि अंगाला कशा सोयीच्या कराव्यात, ते. तीस वर्षांपूर्वी मी इथेच शिकलो, याच कार्यशाळेत. आता नव्या प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून माझंच नाव ठरलं होतं, आणि मला ते पद हवं होतं. हे आधीच सांगून टाकतो, मागाहून साधुपणाचा आव आणायला नको.

यादी कुणी केली कोण जाणे. 'रंधा' हा शब्द त्याला माहीत नसावा. त्याने लिहिलं होतं, 'लाकूड खरवडण्याचे हातयंत्र, नग सहा'. लाकडात खाचा पाडायच्या पटाश्या त्याच्या लेखी 'चपटे पेचकस' होत्या. सरस उकळायच्या पितळी भांड्याची नोंद 'जळके पातेले' अशी. मी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या वाचत होतो आणि मला हसू येत होतं. दुसऱ्या पानावर 'मोडकी खुरपी व इतर शेती सामान, एक पेटी' हे वाचलं आणि हसू गेलं.

आठ महिने बंद असलेली खोली. दार ढकलताना कोंदट ओल आणि उंदरांच्या लेंड्या यांचीच तयारी मी नाकाला करून ठेवली होती. पण आत ताज्या लाकडाचा वास होता. बाकाखाली पिवळसर ढलप्या पडल्या होत्या, अजून गुंडाळलेल्या, पाय पडला की कुरकुरणाऱ्या. ढलपी शिळी झाली की तिचा पीळ सुटतो. या आजच्या होत्या. कुणीतरी इथे काम करत होतं.

मागच्या खिडकीपाशी सुवर्णा उभी होती. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, कंधारजवळच्या एका गावातली. माझ्याच हाताखाली तिचा प्रकल्प चालला होता आणि तो ती संगणकावर करत असावी असा माझा समज होता. तिच्या केसांत भुसा होता.

"शिपायमामानं दुसरी किल्ली दिली सर," ती म्हणाली. "त्येंना बोलू नका. मीच मागं लागले हुते."

निंदणीला बसणाऱ्या बायांसाठी ती कमरेला बांधायचा पाट करत होती. बाई उकिडवी बसून पुढे सरकते तेव्हा बुडाखाली टेकू मिळावा आणि गुडघ्यांवरचा भार उतरावा, म्हणून. सात पाट झाले होते. दर शनिवारी ती एकेक पाट घेऊन गावी जायची. तिची आई तो बांधून सोयाबीनमध्ये बसायची आणि सोमवारी आईचं म्हणणं घेऊन सुवर्णा परत यायची.

"सातव्याला आई म्हणली, बसाया चांगला हाय, पन उठलं की शेपटावाणी मागं लोंबतंय, लाज वाटती. आता आठवा करायले. कडंला कमी करून बघते. पंधरा दिस द्या सर. तुम्ही ते 'वापरात' लिवलं तर हे साल कुनी हात लावत न्हाई म्हणे इथं."

तिला नियम माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. एका वस्तूपुढे जरी 'वापरात' असा शेरा पडला, तरी पुढच्या तपासणीपर्यंत खोली रिकामी करता येत नाही. एका शब्दाचं काम होतं आणि पेन माझ्या खिशात होतं.

"बघू," मी म्हणालो. हा शब्द आम्हा मास्तर लोकांना फार सोयीचा पडतो.

ती गेल्यावर मी यादी घेऊन बाकावर बसलो. बसल्यावर सरसाचा वास आला. खरा आला की मला आठवला, सांगता येत नाही. सरस म्हणजे कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. पाण्यात भिजवून मंद आचेवर शिजवायचा. त्याची घाण अशी की नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी जेवत नसे. मी नांदेडहून आलो तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून तोच वास माझ्या शर्टाला लागला आणि सुट्टीत घरी गेल्यावर आई मला अंगणातच कपडे उतरवायला लावू लागली. आमच्या घरात मी नक्की काय शिकतो ते कुणाला कळलंच नाही. काका म्हणायचे, "डिझाईन म्हंजे ब्लाऊजचं का बॉर्डरचं?" वडील विषय बदलायचे. अख्खं लातूर शहर डॉक्टर व्हायला निघालेलं, चौकाचौकात शिकवण्यांच्या पाट्या, आणि त्यांचा मुलगा मात्र बाभळीच्या दांड्याला कानस मारत बसलेला.

आमचे बिराजदार सर उंच होते, तपकीर ओढायचे आणि चटकन चिडायचे. मुंबईला शिकून ते लातूरला का परतले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. आणि कार्यशाळेत हमीदभाई. नांदेडच्या इतवारा भागातल्या सुतार घराण्यातले. आठवडाभर लातूरला खोली करून राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळच्या एसटीने घरी जायचे. सर कागदावर काढायचे आणि हमीदभाई तो कागद हातात घेऊन एकच गोष्ट विचारायचे, "ये पकडायचं कुठून?" सरांकडे उत्तर नसेल तर कागद परत. सर चिडायचे, तपकीर ओढायचे आणि पुन्हा काढायचे. गुरूला नापास करणारा माणूस मी तिथे पहिल्यांदा पाहिला.

उन्हाळ्यात पत्रे तापायचे. सागाचा भुसा घामाला चिकटून अंगाला खाज सुटायची. हिवाळ्यात सकाळी रंध्याचं पातं एवढं गार असायचं की हमीदभाई ते आधी काखेत धरून ऊब द्यायचे, मग रंध्याच्या ठोकळ्यात बसवायचे. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, सांधे आवळायचे. सगळं काम हळू व्हायचं आणि आम्ही खिडकीत बसून शेंगा फोडत राहायचो. रंधा नीट लागला की सुर्र असा एक लांब आवाज येतो. चुकला की अडखळतो. पाठमोरे असतानाही हमीदभाईंना कळायचं कुणाचा अडखळला. "कौन रे, पातं लई बाहेर काढलास," ते मान न वळवता म्हणायचे.

आणि मुका बाजार.

ही सरांनी लावलेली रीत होती. सत्र संपत आलं की आमच्या वस्तू पोत्यात भरून आम्ही एसटीने अहमदपूरला जायचो, आठवडी बाजारात. भाजीवाल्या, दोरवाले, मडकी विकणारे यांच्या ओळीत आम्हीही जमिनीवर पोतं अंथरून बसायचो आणि त्यावर आपण केलेली वस्तू ठेवायचो. नियम एकच, तोंड उघडायचं नाही. विकायचं नाही, समजावून सांगायचं नाही, कुणी विचारलं तरी मुंडीसुद्धा हलवायची नाही. लोक वस्तू उचलतील, उलटीपालटी करतील, हसतील. त्यांच्या तोंडून जे निघेल ते शब्दन् शब्द वहीत उतरवायचं. कुणी 'हे धरायचं कसं?' असं विचारलं की संपलं, आपण नापास. सर लांब चहाच्या गाड्यावर पाठ करून बसायचे. सबंध बाजाराला वाटायचं ही पोरं मुकी-बहिरी आहेत. एकदा एका आजीने आमच्या पोत्यावर मूठभर ज्वारी ठेवली आणि हात जोडून पुढे गेली.

माझं पहिलं खुरपं मी त्या बाजारात नेलं होतं. दोन महिने खपून त्याची मूठ कोरली होती. प्रत्येक बोटासाठी वेगळी खोबण, हात ठेवला की चार बोटं चार खोबणींत अलगद बसायची. मला वाटत होतं, हे पाहून सर तपकीर ओढायची विसरतील. एक बाई आली, पन्नाशीची, हिरव्या लुगड्यातली. तिने खुरपं घेतलं, तिथेच उकिडवी बसली आणि बाजाराची माती दोन-चार वेळा उकरली. मग मूठ फिरवली, आडवी धरली, उलटी धरली. माझ्याकडे बघून म्हणाली, "कामून रे बाबा, ही बोटाची घरं कशाला पाडलास? माझी बोटं काय दिवसभर येकाच घरात ऱ्हातेत व्हय?"

मी मुका.

"सकाळी असं धरावं लागतंय," ती दाखवत म्हणाली, "दुपारी हात दुखाया लागला की असं. दिस कलला की दोन्ही हातानी. तुझ्या घरात ही बोटं कशी ऱ्हावी?" आणि तिने कमरेची चिंधी काढून माझ्या दोन महिन्यांच्या कोरीव कामावर करकचून गुंडाळली. सगळ्या खोबणी बुजल्या. पुन्हा उकरून पाहिलं. "आता झालं बघ," म्हणाली, खुरपं चिंधीसकट माझ्या पोत्यावर ठेवलं आणि वांगी घ्यायला गेली.

मी ते लिहून घेतलं. परतीच्या एसटीत सर माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी वही वाचली. मग म्हणाले, "तुझी फी आज वसूल झाली." ते खुरपं चिंधीसकट त्यांनी कार्यशाळेतल्या एका लाकडी पेटीत ठेवलं. त्या पेटीत सगळ्यांची नापास झालेली कामं असत. पास झालेलं काम तुम्ही घरी न्या, म्हणायचे, नापास इथे ठेवा, पुढच्यांना उपयोगी पडेल. यादीत 'मोडकी खुरपी व इतर शेती सामान' म्हणून ज्या पेटीची नोंद होती, ती ही पेटी. झाकण उघडून पाहायचा मला धीर झाला नाही.

आता आम्ही काय शिकवतो तेही सांगतो.

आता मुलं वस्तू करत नाहीत, वस्तूचं वर्णन करतात. संगणकाला दोन ओळी लिहून द्यायच्या, तो दहा चित्रं काढून देतो. त्यातलं एक निवडायचं. निवडताना कारण लागत नाही, 'भारी दिसतंय' एवढं पुरतं. मग त्याभोवती एक गोष्ट रचायची आणि परीक्षकांसमोर ती रंगवून सांगायची. या रंगवून सांगण्याला भारदस्त इंग्रजी नाव आहे आणि त्याचा तास मी घेतो. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, डोळे कुणाच्या डोळ्यांत घालायचे, हे सगळं. ज्या खोलीत मला तोंड बंद ठेवायला शिकवलं, तिच्या शेजारच्याच खोलीत मी आता पोरांना तोंड चालवायला शिकवतो. बरं शिकवतो म्हणतात. पुण्याच्या एका परिषदेत 'बदलता व्यवसाय आणि आपण' या विषयावर मी अर्धा तास बोललो, तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हॉटेलवर येऊन मी तोंड धुतलं आणि आरशात बघितलं. स्वतःचीच शिसारी आली. आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी त्या टाळ्यांचा व्हिडिओ मीच महाविद्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला.

गेल्या वर्षीच्या सर्वोत्तम प्रकल्पाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. विषय खुरप्याचाच होता. पडद्यावर चित्र आलं, ढगाळ पार्श्वभूमी, हिरवंगार शेत, आणि त्यात एक हसरी शेतकरीण. केस धुतलेले, नखं स्वच्छ, कपाळावर घामाचा टिपूस नाही. आणि खुरपं तिने पात्याच्या बाजूने धरलेलं. धार तळव्यात, मूठ मातीकडे. खुरपं असं धरलं तर पहिल्या ओढीला तळहात कापून निघेल. परीक्षक तिघं होते. एकानेही पाहिलं नाही. वा, काय उजेड आहे, म्हणाले. मी पाहिलं होतं. मी मार्गदर्शक होतो. मीही 'वा' म्हणालो आणि गुण दिले. त्या चित्राचं भलंमोठं छापील पोस्टर आता आमच्या प्रवेशद्वारात आहे. रोज सकाळी मी त्या बाईच्या हाताखालून आत जातो आणि वर बघत नाही.

काळ बदलतो, धंदे बदलतात, हे मला कळत नाही असं नाही. सरसाची जागा फेविकॉलने घेतली तेव्हा पहिला खूश झालेला मीच. पण बदलाच्या नावाखाली हा जो गुळगुळीत खोटेपणा आम्ही शिकवत सुटलो आहोत, त्याची घाण मला येते. सरसाची घाण धुतली की जायची.

त्या आठवड्यात मी नांदेडला जाऊन आलो. कारण सांगायला होतं, हमीदभाईंना एखादं हत्यार हवं असेल तर विचारावं. खरं म्हणजे कुणीतरी मला सांगावं की लिही 'निरुपयोगी', काही बिघडत नाही, एवढ्यासाठी गेलो होतो. ते आता घरीच असतात. त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे. पुढच्या भागात नातवाने संगणकावर चालणारं कटिंग मशीन टाकलंय. देव्हारे, जाळ्या, दारांवरची नक्षी, सगळं तिथे कापून मिळतं. मशीनचा आवाज दातांत बसत होता आणि जळक्या प्लायवूडचा वास सगळ्या घरात होता.

मी बसल्या बसल्या मशीनला नावं ठेवायला सुरुवात केली. म्हटलं चाचांना बरं वाटेल.

"मशीनला कशाला शिव्या द्यायलाव?" ते म्हणाले. "मशीन चांगली हाय. मला तवा मिळाली असती तर माझं खांदं एवढं गेलं नसतं. मशीन झूट बोलत न्हाई. सांगितलं तेवढं कापती."

नातवाने चहा आणला. कपबशी हमीदभाईंच्या हातात थरथरत होती, म्हणून त्यांनी ती खाली ठेवली आणि कप तसाच राहू दिला. मी यादीचं सांगितलं, रंध्यांचं, पटाश्यांचं. सुवर्णाचं सांगितलं, तिचे सात पाट, आठवा अर्धवट. शेपटाचं सांगितलं तेव्हा ते हसले.

"तिची माय बरोबर बोलली. कडंला गोलाई द्या म्हणावं, आतल्या अंगाला. बाहेरून नक्को." मग विचारलं, "पोरगी रोज काम करायली ना तिथं?"

"हो."

"मग यादी कशाची करून राहिलाव?"

मी म्हटलं, "वरून आलंय चाचा."

"वरून," ते म्हणाले, आणि चहा थंड झाला म्हणून नातवाला हाक मारली. हत्यारांपैकी त्यांनी काहीच मागितलं नाही. निघताना मी विचारलं तर म्हणाले, हातच राहिला नाही, हत्यार कशाला. एसटीत बसल्यावर मला त्यांचा राग आला. सरळ उत्तर देणाऱ्या माणसांचा मला हल्ली राग येतो.

शनिवारी सकाळी अकराला संचालकांच्या केबिनमध्ये गेलो. यादी हातात होती. चारही पानं भरलेली, शेरा सगळीकडे एकच. फक्त एक रकाना मी कोरा ठेवला होता, सुताराच्या बाकापुढचा. त्या बाकावर सुवर्णाचा आठवा पाट शिकंज्यात अडकवलेला होता. तिथे 'वापरात' लिहायचं असं मी जिना चढताना ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

संचालक वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत, फार अदबीने वागतात. उठून उभे राहिले, चहा मागवला, "सर, तुमच्याशिवाय हे होणारच नव्हतं," म्हणाले. केबिनमध्ये मोगऱ्याच्या खोट्या वासाचा फवारा मारलेला होता, घशात उतरणारा. त्यांनी नव्या प्रयोगशाळेचा नकाशा पसरला. बाक असतो त्या जागी गोल गाद्या दाखवल्या होत्या, मुलांनी लोळत विचार करण्यासाठी. "यांचे रंग मात्र तुम्हीच सांगा सर. शेवटी डिझाइनचा माणूस तुम्ही." आणि त्यांनी रेक्झिनच्या नमुन्यांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

मी पाच मिनिटं बघू म्हटलं. नंतर रंगात रमलो. भगवा नको, भडक होईल. निळा चालेल, पण भिंत पांढरी असेल तर फिका निळा मरतो. मोहरी आणि राखाडी एकत्र घ्या. एक हिरवी असू द्या, कोपऱ्यात. संचालक लिहून घेत होते. मी आणखी दोन पानं उलटली आणि एक गडद विटकरी सुचवला. मला मजा येत होती. दुसरा चहा आला. मध्येच त्यांनी यादी ओढून घेतली, पानं चाळली, कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे एक राहिलं वाटतं." मी नमुन्यांच्या पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "हो, राहिलं." पेन काढलं, 'निरुपयोगी' लिहिलं, खाली सही केली. अध्यक्ष. आणि विचारलं, विटकरी रंग मिळेल ना नक्की, की मागवावा लागेल.

बाहेर आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सुवर्णा पायरीवर बसली होती. गावाकडची गाडी तिने सोडून दिली होती. मला बघून उठली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"झालं का सर?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने खाली बघितलं. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, सोडवत राहिली. मी मनात एक वाक्य जुळवत होतो. संगणकावर छान करता येईल तुझा पाट, परीक्षक तसंही हात लावून बघत नाहीत. हे तिला कोणत्या आवाजात सांगावं, कुठे थांबावं, तेही मी जुळवत होतो.

"तासभर आत हुताव सर तुम्ही," ती म्हणाली. "शिपायमामा दोनदा चहा घेऊन गेले. मी म्हणलं त्येंना, सर भांडायलेत आमच्यासाठी." तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. "कुनीबी एवढं केलं नसतं. आईला सांगते मी."

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ती खाली वाकली, भुश्याने खरखरीत झालेले हात माझ्या पायांना लावले, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.